कशावरून? : घरातल्या घरात तर्क आणि नीती शिकण्याची एक पद्धत

संध्याकाळी सातच्या सुमारास लाईट जाते. घरातलं कोणीतरी आधी खिडकीशी जातं आणि समोरच्या बिल्डिंगकडे बघतं. तिथेही अंधार असेल तर ‘सगळ्यांचीच गेलीय’ म्हणून माणूस निवांत होतो, उकाड्याच्या नावाने बोटं मोडत गॅलरीत बसतो. समोर उजेड दिसला तर मात्र मोबाईलचा टॉर्च लावून दारामागचा बोर्ड उघडायचा, एमसीबी पडलाय का बघायचं. यात अर्धं मिनिटही जात नाही. पण तेवढ्यात तुम्ही एक खूण पाहिलेली असते, त्या खुणेसोबत येणारा नियम आठवलेला असतो, तो आजच्या प्रसंगाला लावून पाहिलेला असतो आणि मगच बोर्डाकडे वळलेले असता. न्यायदर्शन या भारतीय तर्कपरंपरेत याला अनुमान म्हणतात आणि त्यावर शेकडो वर्षं खल झालेला आहे.

तत्त्वज्ञान शिकायचं ठरवलं की बहुतेक जण पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा जाडजूड इतिहास उघडतात, थेलीसपासून सुरुवात करतात आणि प्लेटो यायच्या आत पुस्तक मिटतात. मी दोनदा मिटलं. तिसऱ्या वेळी ‘तर्कसंग्रह’ हाती पडला. अन्नंभट्टांनी सतराव्या शतकात लिहिलेली न्यायदर्शनाची ही इवलीशी पोथी. पहिल्याच श्लोकात ते सांगून टाकतात, ‘बालानां सुखबोधाय’, म्हणजे या विषयात नव्याने आलेल्यांना सहज कळावं म्हणून. वाचताना गंमत वाटली ती वेगळीच. अनुमान, संशय, दृष्टांत, सिद्धांत, निर्णय, वाद, वितंडा, छल, आप्त, उपाधी हे सगळे शब्द आपण रोज वापरतो किंवा निदान पेपरात वाचतो. फक्त वापरून वापरून त्यांची धार गेली आहे. ती धार परत लावायची, एवढंच या लेखात करायचं आहे. पाटी-पेन्सिल लागणार नाही, एक वही पुरेल.

आधी ‘म्हणून’ पकडा

पहिल्या आठवड्यात एकच काम. दिवसभरात ऐकलेलं, वाचलेलं किंवा स्वतःच्या तोंडून गेलेलं, ‘म्हणून’ असलेलं एक वाक्य रोज लिहून ठेवा. ‘कारण’, ‘म्हणजेच’, ‘त्याअर्थी’ हे त्याचेच भाऊबंद, तेही चालतील. माझ्या वहीत पहिल्या आठवड्यात हे जमलं होतं: ‘मोबाईल बघतो म्हणून त्याला चष्मा लागला.’ ‘मागच्या वेळी हीच साडी नेसले होते आणि गाडी बंद पडली, म्हणून आज नको.’ ‘आतापर्यंत असंच चालत आलंय, म्हणून असंच चालणार.’ ‘एवढी गर्दी आहे म्हणजे मिसळ चांगलीच असणार.’

आता प्रत्येक वाक्याचे तुकडे पाडा. जे सिद्ध करायचंय ते साध्य. ज्याच्या जोरावर करायचंय तो हेतू. आणि ज्या ठिकाणी सिद्ध करायचंय तो पक्ष. इथे पक्ष म्हणजे निवडणुकीतला नव्हे. जुनं उदाहरण डोंगराचं आहे: डोंगरावर आग आहे, कारण तिथे धूर दिसतोय. डोंगर हा पक्ष, आग साध्य, धूर हेतू. मिसळीच्या वाक्यात ते हॉटेल पक्ष, मिसळ चांगली असणं साध्य आणि गर्दी हेतू. सुरुवातीला यातही चुका होतात. सगळ्यात जास्त चुकतं ते असं की साध्य आणि हेतू माणूस एकच सांगतो, फक्त शब्द बदलून. ‘तो भरवशाचा नाही, कारण त्याच्यावर विसंबून राहता येत नाही.’ हे वाक्य जागेवरून हललेलंच नाही.

मग विचारा: कशावरून?

मराठीतला हा शब्द मला फार आवडतो. ‘का’ विचारलं की माणूस स्वतःचा बचाव करू लागतो. ‘कशावरून’ विचारलं की त्याला पुरावा काढून दाखवावा लागतो. (सूर मात्र सांभाळा. घरात हा प्रश्न दिवसातून तीनदापेक्षा जास्त विचारू नये, हा अनुभव आहे.)

नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांच्या, मते खरं ज्ञान चार वाटांनी येतं, त्यांना प्रमाणं म्हणतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. वहीतल्या प्रत्येक हेतूपुढे यातलं एक नाव लिहा.

प्रत्यक्ष म्हणजे स्वतः पाहिलेलं, ऐकलेलं, चाखलेलं. यावर भरवसा ठेवायचा, पण डोळे मिटून नाही. तिन्हीसांजेला दूरवर काहीतरी उभं दिसतं, तो खुंट की माणूस? हे शास्त्रातलं संशयाचं ठरलेलं उदाहरण आहे. संशय ही इथे वाईट गोष्ट नाही, चौकशी तिथूनच सुरू होते. चार्वाक तर प्रत्यक्षाशिवाय काहीच मानत नसत. लाईट गेल्यावर त्यांनी खिडकीतून बघण्यापर्यंत आपल्याला साथ दिली असती, त्यापुढे नाही.

उपमान थोडक्यात आटपू. पावसाळ्यात पहिल्यांदाच कर्टुली आणायला कोणाला पाठवलं तर आपण सांगतो, ‘लहानसं, गोलसर, अंगावर मऊ काटे असलेलं कारलंच समज.’ बाजारात तशी वस्तू दिसते आणि ‘हीच ती कर्टुली’ हे कळतं. ते कळणं उपमानाचं.

खरी मेख शब्दप्रमाणात आहे. आपल्याला जे काही माहीत आहे त्यातलं बहुतेक कोणाच्या तरी सांगण्यावरून माहीत आहे. स्वतःची जन्मतारीखसुद्धा. अन्नंभट्ट म्हणतात, शब्द म्हणजे आप्ताचं वाक्य, आणि आप्त म्हणजे यथार्थ बोलणारा. मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक झाला आणि गोंधळ तिथेच सुरू झाला. कुटुंबाच्या ग्रुपवर मावशीने पाठवलेला ‘गरम पाण्यात अमुक घाला, साखर गेलीच समजा’ हा मजकूर आपण खरा मानतो, कारण मावशी आप्त आहे. आहेच, पण मराठी अर्थाने. न्यायसूत्रांवर, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथावर, भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनांच्या आप्ताला दोन अटी आहेत. एक, त्याला ती गोष्ट स्वतः नीट कळलेली हवी. दोन, कळली तशी सांगण्याची त्याची इच्छा हवी. मावशीची इच्छा शंभर नंबरी असते, पहिली अट मात्र अडते. औषध विकणाऱ्याचं उलट असू शकतं: माहिती पक्की, सांगण्याच्या इच्छेत पाणी. आणि हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू आहे, असं वात्स्यायन स्पष्ट लिहितात. कोण बोलतोय त्याचं कूळ नाही बघायचं, या दोन अटी बघायच्या. मला तर हे वाक्य त्या अख्ख्या ग्रंथातलं सर्वांत मोठं वाटतं.

पाच ओळी लिहून काढा

दुसऱ्या आठवड्यात वहीतलं एक वाक्य निवडा आणि पाच ओळींत मांडा. लाईटचंच घेऊ.

प्रतिज्ञा: बिघाड आपल्याच घरात आहे.
हेतू: कारण शेजारी लाईट आहे आणि आपल्याकडे नाही.
उदाहरण: जेव्हा जेव्हा शेजारी असते आणि एकाच घरची जाते, तेव्हा बिघाड त्या घरात असतो; जसं गेल्या दिवाळीत आपला एमसीबी पडला होता.
उपनय: आजही तसंच झालंय.
निगमन: म्हणून बिघाड आपल्याच घरात आहे.

ॲरिस्टॉटलच्या शाळेत हेच तीन ओळींत होतं. मग पाच कशाला? स्वतःच्या मनाशी अनुमान काढताना पाच लागतही नाहीत, खिडकीतून बोर्डाकडे जाताना तुम्ही काही प्रतिज्ञा उच्चारत नाही. पाच ओळी दुसऱ्याला पटवताना लागतात, म्हणून त्याला परार्थानुमान म्हणतात. आणि पटवण्याचा सगळा भार तिसऱ्या ओळीवर असतो. तिच्यात दोन गोष्टी आहेत. एक नियम, ज्याला व्याप्ती म्हणतात: जिथे जिथे धूर, तिथे तिथे आग. आणि एक दृष्टांत, जो दोघांनाही मान्य आहे. जुन्या उदाहरणातला दृष्टांत कोणता, तर महानस, म्हणजे चक्क स्वयंपाकघर. न्यायसूत्रांत दृष्टांताची व्याख्याच अशी आहे की साधा माणूस आणि जाणकार या दोघांचं ज्यावर एकमत होतं तो दृष्टांत. म्हणजे तत्त्वज्ञान समजावताना रोजच्या आयुष्यातली उदाहरणं द्यायची ही काही आजची सोय नाही. ती या शास्त्राची अटच होती.

लिहून काढल्याचा फायदा लगेच दिसतो. ‘एवढी गर्दी आहे म्हणजे मिसळ चांगली’ हे बोलताना ठीक वाटतं. तिसरी ओळ लिहायला बसलं की ‘जिथे जिथे गर्दी, तिथे तिथे चव’ असं लिहावं लागतं, आणि हात आपोआप थांबतो. एस.टी. स्टँडवरची कँटीन डोळ्यांसमोर येते.

नियम मोडून बघा

इथे जरा जास्त वेळ द्या. माझ्या मते अख्ख्या तर्कशास्त्राचा गर इथे आहे.

व्याप्ती मोडायची म्हणजे हेतू आहे पण साध्य नाही, अशी एक तरी जागा शोधायची. सापडली तर तो व्यभिचार, आणि असा हेतू सव्यभिचार. (मराठीत हा शब्द भलत्याच अर्थाने रूढ झालाय, म्हणून चारचौघांत जपून.) लाईटच्या नियमाचं बघा. समोर उजेड आहे, पण त्यांच्याकडे इन्व्हर्टर असेल तर? मग लाईट सगळ्यांचीच गेलेली असू शकते आणि तुम्ही उगाच बोर्डाशी झटापट करताय. किंवा एकच फेज गेली असेल, मग अर्ध्या बिल्डिंगमध्ये अंधार आणि अर्धीत टीव्ही चालू.

न्यायसूत्रांतच हा प्रश्न नदीच्या निमित्ताने आला आहे. नदी भरून वाहताना दिसली की वर कुठेतरी पाऊस झाला असं आपण समजतो. आक्षेप घेणारा म्हणतो, पाणी अडल्यामुळेही नदी फुगते, मग तुमचं अनुमान प्रमाण कसं? पुण्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. १२ जुलै १९६१ ला मुठेला जो पूर आला तो नुसता पावसाचा नव्हता, पानशेतचं धरण फुटलं होतं. आक्षेपाला सूत्रकारांनी दिलेलं उत्तर मला फार शहाणपणाचं वाटतं. ते म्हणतात, चूक अनुमानाची नाही, तुम्ही खूण अर्धवट घेतलीत. भाष्यात मग नीट खूण कोणती तेही येतं: नुसतं पाणी वाढलेलं नको, ओढ वाढलेली हवी, भरपूर फेस हवा, पाण्यातून फळं, पानं, लाकडं वाहत यायला हवीत. म्हणजे नियम मोडला की लगेच हात झटकायचे नाहीत, हेतू आवळायचा. लाईटच्या बाबतीत समोरचा एक दिवा बघू नका, दोन-तीन घरं बघा, लिफ्ट चालू आहे का बघा, जिन्यातला दिवा बघा. साधारणपणे घरगुती इन्व्हर्टरवर गीझर चालत नाही, तेव्हा शेजारच्या काकूंना हाक मारून तेही विचारता येईल.

कधी कधी नियम खरा दिसतो, पण त्याच्या पोटात एक लपलेली अट असते. तिला उपाधी म्हणतात. जिथे धूर तिथे आग हे बरोबर, पण उलट केलं, जिथे आग तिथे धूर, तर? लाल तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग आहे, धूर नाही. धूर यायला ओलं सरपण लागतं. ते ओलं सरपण ही उपाधी. आता हे घ्या: ‘त्या क्लासची मुलं दरवर्षी नव्वदच्या वर काढतात, म्हणून क्लास उत्तम.’ त्या क्लासला प्रवेशपरीक्षा आहे आणि मुळात नव्वदवाल्यांनाच घेतात, हे कळलं की ओलं सरपण सापडलं. जाहिरातींत उपाधी शोधायचा छंद लावून घ्या, वर्षभर पुरेल.

आणि ज्यात व्याप्तीच नसते, नुसती गाठ पडलेली असते, त्याला आपल्या आज्यांनी आधीच नाव ठेवलंय: कावळा बसायला आणि फांदी मोडायला. संस्कृतात हाच काकतालीय न्याय, फक्त तिथे फांदीऐवजी ताड आहे. साडी आणि बंद पडलेली गाडी या खात्यात.

हेतूचे बाकीचे दोष भराभर सांगतो, कारण एकदा नजर बसली की ते आपले आपण दिसतात. हेतूच मुळात तिथे नसेल तर तो असिद्ध. हेतू उलटच गोष्ट सिद्ध करत असेल तर विरुद्ध: ‘हा मेसेज खराच असणार, शेवटी बघा, ताबडतोब सगळ्यांना पाठवा असं लिहिलंय.’ तितक्याच तोलाचा उलटा हेतू समोर उभा असेल तर सत्प्रतिपक्ष: ढग आलेत म्हणून छत्री घे, वारा सुटलाय म्हणून ढग जातील. आणि दुसऱ्या बळकट प्रमाणाने आधीच खोडलं गेलं असेल तर बाधित. ॲपवर ‘बस आली आहे’ असं दिसतं, तुम्ही स्टॉपवर उभे आहात आणि रस्ता मोकळा आहे. इथे ॲपशी वाद घालू नये, रिक्षा बघावी.

व्याख्या तपासा

आमच्या सोसायटीत एकदा ठराव आला: फ्लॅट फक्त कुटुंबांनाच भाड्याने द्यायचे. कारण दिलं गेलं की तिसऱ्या मजल्यावर राहणारी नोकरीवाली मुलं रात्री गोंगाट करतात. चौकशी केल्यावर गोंगाट दुसऱ्या मजल्यावरच्या एका भरल्या घरातून येत होता असं निघालं. म्हणजे हेतू असिद्ध. पण ठराव काही मागे गेला नाही, आणि मग मी विचारलं, कुटुंब म्हणजे कोण?

व्याख्येत तीन दोष असू शकतात. गाईचं उदाहरण ठरलेलं आहे. ‘जिला शिंगं ती गाय’ म्हटलं तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. ‘कपिला ती गाय’ म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. ‘एका खुराची ती गाय’ म्हटलं तर एकही गाय सापडणार नाही, हा असंभव. सभेत पहिली व्याख्या आली, ‘नवरा-बायको आणि मुलं.’ त्याने चौथ्या मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या आजी बाहेर गेल्या, आणि खुद्द अध्यक्ष व त्यांच्या आई हे दोघंही. अव्याप्ती. मग कोणी म्हणालं, ‘एकमेकांचे नातेवाईक.’ तर कोपऱ्यातून आवाज आला, ‘मग ती तिसऱ्या मजल्यावरची मुलं? ते चुलतभाऊच आहेत.’ अतिव्याप्ती, निदान ठराव आणणाऱ्यांच्या दृष्टीने. अर्धा तास झाल्यावर कळून चुकलं की त्यांना कुटुंबाची व्याख्या नकोच होती, तरुण मुलं नको होती. व्याख्या तपासण्याचा हा उपयोग. माणसाला काय म्हणायचंय ते बाहेर येतं, कधी कधी त्याचं त्यालाही.

वाद, जल्प की वितंडा?

चर्चेत उतरण्याआधी ती कोणत्या जातीची आहे ते ओळखा. न्यायात वाद हा चांगला शब्द आहे: खरं काय ते दोघांनाही जाणून घ्यायचंय म्हणून केलेली चर्चा, बहुधा गुरुशिष्यांतली. जल्प म्हणजे जिंकण्यासाठी केलेली. वितंडा म्हणजे स्वतःची कुठलीच बाजू न मांडता दुसऱ्याची नुसती पाडणं. मराठीत वितंडवाद म्हणजे कुठलंही निरर्थक भांडण, पण मूळ अर्थ जास्त कामाचा आहे, कारण त्यावर एक चाचणी आहे. समोरच्याला शांतपणे विचारायचं, ‘बरं, मग तुमचं म्हणणं काय?’ जल्प करणारा लगेच सांगतो. वितंडा करणारा नवा आक्षेप काढतो. तसं झालं की चहा मागवावा.

छल म्हणजे बोलणाऱ्याच्या शब्दाचा मुद्दाम भलताच अर्थ लावून त्याला खोडणं. तो ओळखायला सोपा आहे. शास्त्रातलं उदाहरण मराठीतही जसंच्या तसं चालतं: ‘हा नवकंबल आहे’ म्हणजे याच्याकडे नवी घोंगडी आहे, तर समोरचा म्हणतो, नऊ घोंगड्या कुठे आहेत, एकच तर दिसतेय. दुसरं उदाहरण आहे ‘मचाणं ओरडतायत’ म्हटल्यावर ‘मचाणं कशी ओरडतील, त्यांच्यावरची माणसं ओरडतायत’ असं म्हणण्याचं. आमच्या सभेत ‘अख्खी बिल्डिंग वैतागलीय’ या वाक्यावर एका सभासदाने असाच आक्षेप घेतला होता. मी हसलो, मग आठवलं की सकाळी मीही घरी हेच केलं होतं.

आणि आता नीती

नवशिक्यांना वाटतं नीतिशास्त्र म्हणजे आपापली मतं, तिथे तर्काचं काय काम. माझा अनुभव उलट आहे. नैतिक भांडणातला अर्धा भाग साध्या वस्तुस्थितीबद्दलचा असतो, आणि तो ‘कशावरून’ने सुटतो. उरलेल्या अर्ध्यात खरा नैतिक प्रश्न असतो. दोन्ही एकत्र कालवले की नुसता आवाज वाढतो.

डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७४० साली एक गोष्ट दाखवून दिली: लेखक ‘असं आहे, तसं आहे’ म्हणत जातात आणि मध्येच, कुठलंही कारण न देता, ‘असं असायला हवं’वर उडी मारतात. वहीत आता दोन रकाने करा, ‘आहे’ आणि ‘असावं’.

आमच्या आत्याचा रिपोर्ट वाईट आला तेव्हा हॉस्पिटलच्या बाकावर बसून आम्ही चौघं कुजबुजत होतो. ‘तिला कळलं तर ती खचेल, म्हणून सांगायचं नाही.’ प्रत्येक घरात हे वाक्य कधी ना कधी बोललं जातं. ‘खचेल’ हे ‘आहे’च्या रकान्यातलं. कशावरून? दादा म्हणाला, मामांचं तसं झालं होतं. पण मामा आणि आत्या यांत व्याप्ती कुठली? धंदा बुडाला तेव्हा मामा महिनाभर अंथरुणात होते, आणि आत्याने स्वतःच्या नवऱ्याचा बुडालेला हिशोब रात्र रात्र बसून मिटवला होता. ‘नाही सांगितलं तर निवांत राहील’ हेही ‘आहे’तलंच, आणि बाधित होणारं: उपचार ज्या वॉर्डात, त्याची पाटी तिला वाचता येत होती.

एवढं झाल्यावर उरलं ते ‘म्हणून सांगायचं नाही’. इथे एक न बोललेला नियम लपलाय: एखाद्याच्या मनःशांतीसाठी त्याच्याच आयुष्याबद्दलचं सत्य त्याच्यापासून लपवणं योग्य असतं. आता हा नियम व्याप्तीसारखाच मोडून बघा. तुमच्या बँकेतले पैसे गेलेत आणि तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बँकेने सांगितलं नाही, तर चालेल? नाही ना.

मग उलटा नियम घ्यावा, नेहमी खरं बोलावं? महाभारताच्या कर्णपर्वात त्याचीही परीक्षा आहे. कौशिक नावाच्या तपस्व्याचं व्रत होतं की कायम खरंच बोलायचं. लुटारूंच्या भीतीने काही माणसं रानात लपली. लुटारूंनी कौशिकाला विचारलं, त्याने खरं ते सांगितलं, माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. ही गोष्ट कृष्ण अर्जुनाला सांगतो ती कधी? गांडीव दुसऱ्याला दे असं जो म्हणेल त्याला मारीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा असते, आणि रागाच्या भरात खुद्द युधिष्ठिर तसं म्हणून बसतो. अर्जुन तलवार उपसतो. कृष्णाने काढलेली वाट मराठी माणसाला चटकन कळेल: थोरल्या भावाला अरे-तुरे कर, मोठ्याचा तो मृत्यूच. हा छल की शहाणपण, यावर एक संध्याकाळ सहज जाते. त्याच महाभारतात ‘नरो वा कुंजरो वा’ही आहे, आणि शब्दाला खरं पण उद्देशाने खोटं बोलल्यावर युधिष्ठिराचा चार बोटं अधांतरी चालणारा रथ जमिनीला टेकला, असं व्यास लिहितात.

कौशिकाची हुबेहूब जोडी जर्मनीत सापडते. १७९७ साली इमॅन्युएल कांटने एक निबंध लिहिला. घरात मित्र लपलाय, मारेकरी दाराशी येऊन विचारतोय, खोटं बोलावं का? कांट म्हणाला, नाही. तो उत्तर देत होता बेंजामिन कॉन्स्टंट या फ्रेंच लेखकाला, ज्याचं म्हणणं होतं की खरं सांगण्याचं कर्तव्य फक्त त्या माणसाशी आहे ज्याचा त्या सत्यावर हक्क आहे. इंग्रज तत्त्वज्ञ मिलसारखे उपयुक्ततावादी आणखी वेगळं सांगतील: एकूण सुखदुःखाचा हिशोब मांडा. कृष्ण यांतल्या कोणाच्या जवळ बसेल हे ठरवणं सोपं नाही, आणि मला ते अजून ठरवता आलेलं नाही. पण आत्यापुरतं कॉन्स्टंटचं वाक्य कामाला आलं. लुटारूंचा त्या माहितीवर काडीचा हक्क नव्हता. आत्याचा होता, आमच्यापेक्षा जास्त. आम्ही शेवटी तिलाच विचारलं, रिपोर्टबद्दल किती ऐकायचंय. ती म्हणाली, आधी जेवण होऊ दे, मग सगळं सांगा.

पुढे काय वाचावं

महिनाभर वही चालली की मग ग्रंथांकडे वळा. मराठीत दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला तीन खंडांचा ‘मराठी तत्त्वज्ञान-महाकोश’ मोठ्या ग्रंथालयांत मिळतो. अडलेला शब्द त्यात काढायचा, पहिल्या पानापासून वाचायचा नाही. अमळनेरला १९१६ साली सुरू झालेलं तत्त्वज्ञान केंद्र आहे, खानदेशात जाणं झालं तर बघून या. ‘तर्कसंग्रह’ मात्र विकत घ्या, मराठी अर्थासकट. तो द्रव्य, गुण, कर्म अशा याद्यांनी सुरू होतो आणि तिथेच अनेकांचा धीर सुटतो. पहिल्या वाचनात त्या याद्या सोडून सरळ अनुमानखंड उघडा. डोंगर, धूर आणि स्वयंपाकघर तिथे भेटतीलच.